जुना पूल दुरुस्त करून घ्यायचाय? आधी कामाचा क्रम नीट लावा

मे महिना आला की आपल्याकडे गोव्यात दरवर्षी तेच होतं. "पूल धोकादायक झाला आहे, त्वरित दुरुस्ती करावी" असा दोन ओळींचा अर्ज, खाली पन्नास सह्या, पेपरात एक फोटो. मग पाऊस पडायच्या आत कठड्याला काळा-पांढरा रंग लागतो, वर हॉटमिक्सचा, म्हणजे गरम डांबर-खडीचा, थर पडतो आणि खाली गंजलेल्या सळ्या होत्या तशाच राहतात. आपण अर्जात फक्त "दुरुस्ती करा" लिहिलेलं असतं, त्यामुळे रंग आणि हॉटमिक्स हीसुद्धा कागदावर दुरुस्तीच धरली जाते आणि फाइल बंद होते. पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून.

हा लेख गावातल्या लहान-मध्यम पुलांसाठी आहे, म्हणजे ओहळावरचा काँक्रीटचा पूल, जुना चिऱ्यांचा (जांभ्या दगडांचा) पूल, साकव (वाड्यावरचा छोटा पूल), बंधाऱ्यावरून जाणारा रस्ता. मांडवी-झुआरीवरच्या मोठ्या पुलांचं गणित वेगळं. पण गावचा पूल गेला तर बालरथ (शाळेची बस), अँब्युलन्स, दूध, गॅसची गाडी सगळंच अडतं, आणि त्याच्याकडे बघायला बाहेरून कोणी येत नाही, ते गावालाच करावं लागतं.

टप्पा १: वेळ. ऑक्टोबरला सुरू करा, मेमध्ये नाही

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. काम करायला मिळणारे महिने साधारण ऑक्टोबर ते मे. त्यात आधी पाहणी, मग इस्टिमेट, प्रशासकीय मंजुरी आणि खर्चाची मंजुरी, तांत्रिक मंजुरी, टेंडर, वर्क ऑर्डर, एवढं सगळं झाल्यावर ठेकेदार जागेवर येतो. तुम्ही एप्रिलमध्ये अर्ज दिलात तर खात्याने मनात आणलं तरी पावसाआधी रंगरंगोटीपलीकडे काही होऊ शकत नाही. मधे निवडणूक आली तर आचारसंहितेत नवीन टेंडर अडकतं, ते वेगळंच.

म्हणून चवथ (गणेशचतुर्थी) झाली, पाऊस ओसरला की लगेच पाहणी करायची. त्याला आणखी एक कारण आहे. पुराच्या पाण्याने पायाजवळ केलेले खड्डे तेव्हा ताजे असतात, नंतर गाळ बसून ते झाकले जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाहणी आणि कागद गोळा करणं, डिसेंबरपर्यंत ठराव आणि पत्र, म्हणजे पुढच्या बजेटच्या आधी तुमचा पूल खात्याच्या यादीत जायला वाव राहतो.

हे सगळं फक्त झिजलेल्या पुलासाठी. पूल आत्ता खचतोय, खांब कललाय, स्लॅबला नवीन बाक आलाय, वरून गाडी गेली की आधी येत नव्हता तसा आवाज येतोय असं दिसलं तर क्रम-बिम बाजूला ठेवा. दोन्ही टोकांना माणसं उभी करून लोकांना थांबवा, ११२ ला फोन करा, मामलेदार आणि पोलिसांना कळवा. अर्ज नंतर.

टप्पा २: पूल कोणाचा ते आधी शोधा

चुकीच्या खात्याला अर्ज दिला की तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो आणि त्यात एक हंगाम जातो. "पूल म्हणजे साबांखा (सार्वजनिक बांधकाम खातं)" असं आपण धरून चालतो, पण दर वेळी तसं नसतं.

राष्ट्रीय महामार्गावरचा पूल, म्हणजे ६६ किंवा ७४८ नंबरच्या रस्त्यावरचा, असेल तर साबांखाच्याच राष्ट्रीय महामार्ग डिव्हिजनकडे जायचं, तुमच्या तालुक्याच्या रस्ता डिव्हिजनकडे नाही. राज्याचा किंवा जिल्ह्याचा रस्ता असेल तर साबांखाचं रस्ता किंवा पूल डिव्हिजन. बंधाऱ्यावरून रस्ता जात असेल तर बहुतेक वेळा बांधकाम जलस्रोत खात्याचं असतं आणि वरचा डांबरी थर दुसऱ्याच कोणी घातलेला असतो, तिथे दोन्ही खात्यांना पत्र द्या. रुळांवरचा किंवा रुळांखालचा पूल असेल तर कोकण रेल्वे की दक्षिण पश्चिम रेल्वे ते बघा. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) बांधावरची मोरी किंवा मानशीवरची (पाणी अडवायच्या दारावरची) वाट असेल तर गोष्ट कुळांच्या संघटनेपर्यंत आणि मामलेदारापर्यंत जाते. वाड्यावरचा छोटा साकव पंचायतीने, आमदार निधीतून किंवा दुसऱ्या कुठल्या योजनेतून बांधलेला असू शकतो, आणि मग तो कोणाच्याच यादीत सापडत नाही. हे साकव सगळ्यात दुर्लक्षित राहतात.

शोधायचं कसं? पुलावर पाटी असेल तर बघा. नसेल तर पंचायतीत जाऊन त्या रस्त्यावर शेवटचं हॉटमिक्स कोणी केलं ते विचारा, हा सर्वात जलद धागा. तरी कळलं नाही तर टप्पा ४ मधला आरटीआय (माहिती अधिकार) अर्ज तुम्हाला जास्त शक्यता वाटते त्या खात्याला टाका. माहिती दुसऱ्या खात्याकडे असेल तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो अर्ज ५ दिवसांत तिकडे पाठवायचा असतो, आणि त्या बदलीच्या पत्रातूनच मालक कळतो.

पुलाला लटकलेल्या वस्तूंचे मालकही लिहून ठेवा. पाण्याची पाइपलाइन, विजेची केबल, इंटरनेटची केबल. गळकी पाइपलाइन बारा महिने काँक्रीट भिजवत ठेवते आणि ती दुसऱ्याच ऑफिसची असते. ती बंद केल्याशिवाय वरची कुठलीही दुरुस्ती टिकत नाही.

टप्पा ३: पाहणी आणि फोटो

तयारी: दोन-तीन माणसं, बॅटरी, मेजर टेप, शाळेतली पट्टी, जाड मार्कर, वही, मोबाइल. शक्य असेल तर गावातला कोणी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला मुलगा-मुलगी किंवा निवृत्त ओव्हरसियर बरोबर घ्या. खाडीचं पाणी चढत असेल तिथे सुकतीची (ओहोटीची) वेळ बघून जा, कारण जास्त खराबी भरती-सुकतीच्या पट्ट्यातच असते आणि भरतीला ती पाण्याखाली जाते.

⚠️ सैल दिसणाऱ्या काँक्रीटच्या बरोबर खाली उभं राहू नका. हातोड्याने ठोकून तुकडे पाडू नका. पाण्यात उतरू नका, आपल्या ओहळांत पायाजवळचा खड्डा वरून कळत नाही. पोरांना व्हिडिओ काढायला पुलाखाली पाठवू नका.

सुरुवात रेखाटनाने करा. वहीत पुलाचा आडवा आराखडा काढायचा, प्रवाहाच्या दिशेला तोंड करून डावा काठ, उजवा काठ ठरवायचा, डाव्या काठाकडून खांबांना आणि गाळ्यांना (दोन खांबांमधल्या भागांना) नंबर द्यायचे. हे केलं नाही तर नंतर "हा फोटो कुठला" यावरच अर्धा दिवस जातो आणि इंजिनियरलाही जागा सापडत नाही.

मग खालून वर बघत जायचं. लोक उलटं करतात, वरचे खड्डे आणि तुटलेला कठडा आधी टिपतात कारण ते डोळ्यांसमोर असतं. पूल पडतो तो बहुतेक खालून.

पाया आणि पात्र: खांबाच्या आणि काठाच्या भिंतीच्या बुडाशी माती गेलीय का, पायाचं काँक्रीट किंवा दगड उघडे पडलेत का, पाइलचं (जमिनीत खोल गेलेल्या पायाच्या खांबाचं) डोकं दिसतंय का. आधी दिसत नव्हतं आणि आता दिसतंय असं असेल तर ती पहिल्या नंबरची नोंद. जवळपास रेती काढत असतील तर तेही लिहा, पात्र खोल गेलं की पुलाचा पाया तेवढा उघडा पडतो. झाडाचं खोड, कचरा, जुन्या पुलाचे अवशेष गाळ्यात अडकलेत का ते बघा, कारण पाणी तिथून वळतं आणि पायाखालची माती खरवडतं. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ ला पुराच्या रात्री वाहून गेला, वर रस्ता चालू होता आणि एसटी बसगाड्या त्यात गेल्या. पुराच्या पाण्यात पायाशी काय चाललंय ते वरून जाणाऱ्याला दिसत नाही, म्हणून पात्राची नोंद आधी.

स्लॅब आणि बीमचा खालचा भाग: तांबूस डाग, पांढरे ओघळ, सळीच्या रेषेत गेलेली भेग, सुटलेलं काँक्रीट, उघड्या सळ्या. सळी गंजली की ती फुगते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट ढकलून पाडतो, म्हणून सळीच्या रेषेतली भेग ही नुसती भेग धरायची नाही. मांडवी, झुआरी, साळ, शापोरा, या सगळ्यांत उन्हाळ्यात खारं पाणी आत बरंच वर चढतं, त्यामुळे समुद्र लांब आहे म्हणून मिठाचा प्रश्न नाही असं समजू नका.

भेग मोजायला सोपी युक्ती आहे. एटीएम कार्डची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर असते. काँक्रीटमध्ये ०.३ मिलिमीटरच्या वरची भेगसुद्धा इंजिनियरने बघायला हवी अशी असते, तर जिथे कार्ड आत शिरतं तिथे वाटच बघू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना मार्करने आडवी रेघ आणि तारीख लिहा. महिन्याने परत जा. भेग रेघेच्या पुढे गेली असेल तर "पूल जुना आहे" ऐवजी "भेग महिन्यात इतकी वाढली" असं लिहिता येतं, आणि या वाक्याला उत्तर देणं खात्याला भाग पडतं.

बेअरिंग आणि जोड: बीम खांबावर जिथे टेकतो ती जागा कचऱ्याने, मातीने भरलेली असते. तिथे झुडूप उगवलं असेल तर समजा पाणी सतत मुरतंय. दोन गाळ्यांमधल्या जोडाची पट्टी वर हॉटमिक्सखाली गाडली गेलीय का ते बघा, आपल्याकडे हे सर्रास होतं.

चिऱ्यांचे किंवा दगडी पूल: कमानीतला चिरा खाली सरकलाय का, सांध्यांतला चुना गेलाय का, भिंतीला पोट आलंय का, पिंपळ-वड कुठे आहेत.

सगळ्यात शेवटी वरचा भाग: कठडा, पाणी जायची भोकं, पुलाच्या तोंडाशी रस्ता खचलाय का, आणि डांबराचे थर किती चढलेत. कठड्याची उंची मूळ किती होती आणि आता किती उरलीय ते मोजलं की थर कळतात. हे मोजायला कोणी जात नाही आणि माझ्या मते ते मोजायलाच हवं. ३० मीटर लांब, साडेसात मीटर रुंद पुलावर ५ सेंटिमीटरचा एक थर घातला की जवळजवळ २६ टन वजन वाढतं. म्हणजे भरलेला दहा-चाकी टिपर पुलावर कायमचा उभा. जुना थर न खरवडता असे दोन-तीन थर चढले की हिशेब तुम्हीच करा.

✔ तपासा: प्रत्येक जागेचे दोन फोटो झाले का? एक लांबून, पूल ओळखू येईल असा. एक जवळून, पट्टी धरून. तारीख आणि गाळ्याचा नंबर वहीत आहे का? फोटोंवर गोल, बाण, लाल अक्षरं काढलेली प्रत वेगळी ठेवा, मूळ फोटो जसेच्या तसे हवेत.

आणि एक, पुलाच्या वयावर जोर देऊ नका. पणजीचा पहिला मांडवी पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला तेव्हा तो जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता. उलट नीट सांभाळलेले जुने दगडी पूल कितीतरी ठिकाणी अजून उभे आहेत. "६० वर्षं जुना" पेक्षा "दुसऱ्या गाळ्यात दीड मीटर सळ्या उघड्या" हे वजनदार.

टप्पा ४: आरटीआय, पण प्रश्न नेमके

पाहणी झाली की त्याच आठवड्यात अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "पुलाची सर्व माहिती द्या" असं विचारलं तर "माहिती अस्पष्ट" असं उत्तर येतं. "पूल सुरक्षित आहे का" असंही विचारू नका, माहिती अधिकारात कागद मिळतो, कोणाचं मत तयार करून मिळत नाही. असं विचारा:

१. या पुलाचं बांधकाम वर्ष, लांबी, गाळे, आणि कुठल्या भारासाठी डिझाइन केला त्याची नोंद.
२. गेल्या पाच वर्षांत केलेल्या प्रत्येक पाहणीची तारीख आणि अहवालाची प्रत.
३. गेल्या दहा वर्षांत यावर झालेल्या कामांची इस्टिमेट, वर्क ऑर्डर आणि मेजरमेंट बुकच्या (झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीच्या) पानांच्या प्रती.
४. स्ट्रक्चरल ऑडिट (पुलाच्या मजबुतीची तांत्रिक तपासणी) झालं असेल तर पूर्ण अहवाल, टेस्टच्या निकालांसकट.
५. वजनावर किंवा वाहनांवर निर्बंध घातलेला असेल तर त्या आदेशाची प्रत.
६. पुलावरून पाइप आणि केबल नेण्यासाठी दिलेल्या परवानग्या.

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पुलांच्या पाहणीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ३५ ही मार्गदर्शिका आहे, त्यात रूटीन, प्रिन्सिपल आणि स्पेशल असे पाहणीचे प्रकार दिलेत. उत्तरात "माहिती उपलब्ध नाही" आलं तर नाराज होऊ नका. पाच वर्षांत पाहणीचा एकही कागद नाही, हे खात्यानेच लिहून दिलं, आणि तुमच्या ठरावाला यापेक्षा मजबूत आधार मिळणार नाही.

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. तिथेही नाही तर ९० दिवसांत पणजीला राज्य माहिती आयोगाकडे. बरेच लोक पहिल्या अपीलची तारीख चुकवतात, कॅलेंडरवर लिहून ठेवा. जीविताच्या प्रश्नासाठी ४८ तासांची तरतूद आहे, पण ती सहज मान्य होत नाही, तिच्यावर सगळी मदार ठेवू नका.

टप्पा ५: ग्रामसभेचा ठराव आणि पत्र

आता कुठे ठराव. विषय आधीच लेखी सेक्रेटरीकडे द्या, आयत्या वेळी "अन्य विषय" म्हणून उठलात तर चर्चा होते, पण ठरावाची वाक्यरचना कोणीतरी घाईत करतो आणि परत तेच "दुरुस्ती करावी" येतं. मसुदा घरून लिहून न्या. जुने पंच काय म्हणतील, विरोधी गट काय म्हणेल हे जमेस धरून फोटोंचा संच आधी दोन्ही बाजूंना दाखवा. पुलाच्या प्रश्नात गट पडले की काम मागे पडतं.

पत्रात काय हवं याचा नमुना:

"आमच्या गावातील … ओहळावरील पुलाच्या डाव्या काठाकडून दुसऱ्या गाळ्यात, स्लॅबच्या खालच्या बाजूस सुमारे दीड मीटर लांबीत काँक्रीट सुटून सळ्या उघड्या पडल्या आहेत (फोटो ३, ४). पहिल्या खांबाच्या पायाखालची माती वाहून गेली आहे (फोटो ७). पुलाची पूल-तज्ज्ञ अभियंत्याकडून पाहणी करून अहवालाची प्रत पंचायतीस द्यावी. अहवाल येईपर्यंत जड वाहनांवर निर्बंध घालावेत. निर्बंधाची गरज नाही असे खात्याचे मत असल्यास ते लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य गाळू नका. "काही धोका नाही" असं तोंडी कोणीही सांगतो, सहीनिशी लिहून द्यायची वेळ आली की माणूस आधी पूल बघायला येतो.

पत्र एक्झिक्युटिव्ह इंजिनियरला, प्रती असिस्टंट इंजिनियर, कलेक्टर आणि आमदाराला. प्रत्येक ठिकाणी इनवर्ड नंबर आणि शिक्का घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो म्हणजे अर्ज नाही. आमदारांना भेटताना उद्घाटनाची वगैरे भाषा नको, विधानसभेत प्रश्न विचारता येईल असा कागद हातात द्या.

टप्पा ६: निर्बंध आणि पूल बंद करणं

इथे खात्याइतकीच जबाबदारी गावाचीही आहे.

१८ मे २०१७ ला सावर्डे-कुडचडेचा पोर्तुगीजकालीन पादचारी पूल कोसळला. तो वापरासाठी बंदच होता. नदीत उडी घेतलेल्या माणसाचा शोध चालला होता, तो बघायला लोक त्या बंद पुलावर चढले आणि पूल गर्दीसकट खाली गेला. १५ जून २०२५ ला पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरच्या जुन्या पुलावर रविवारची गर्दी होती, तोही कोसळला, माणसं गेली. पाटीने माणूस थांबत नाही, त्याला अडथळाच लागतो.

जड वाहनं थांबवायची तर दोन्ही टोकांना उंचीची लोखंडी कमान लागते, आणि ती लावण्याआधी अग्निशामक दलाची गाडी आणि कदंब (सरकारी) बस कुठून जाणार ते ठरायला हवं. पूर्ण बंद करायचा असेल तर चिऱ्यांची भिंत किंवा काँक्रीटचे ब्लॉक, माणूससुद्धा जाणार नाही असे. ड्रम आणि रिबन रात्रीत बाजूला होतात. ते बाजूला करणारे बहुतेक आपल्याच वाड्यावरचे असतात, स्कूटरवाले, शॉर्टकटवाले. म्हणून बंदीच्या आधी वळणाचा रस्ता, बालरथाचं नवं वेळापत्रक, अँब्युलन्सचा मार्ग हे गावात बसून ठरवा आणि लोकांना सांगा. हे न करता बंदी आली की आठवड्यात गावच बंदीविरुद्ध उभं राहतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली पुलाच्या स्थितीमुळे वाहनांवर निर्बंध घालता येतात. महिनाभरापर्यंतच्या निर्बंधाला राजपत्राची गरज नसते, स्थानिक प्रसिद्धी पुरते. त्यामुळे "नोटिफिकेशनला वेळ लागेल" असं कोणी म्हटलं तर हे कलम दाखवा.

✔ तपासा: रात्री, पावसात, अनोळखी ड्रायव्हरला अडथळा दिसतो का? आधीच्या चौकात वळणाचा बोर्ड आहे का?

टप्पा ७: टेस्ट आणि इस्टिमेट

टेस्टच्या नावाखाली बऱ्याचदा फक्त रिबाउंड हॅमर मारून "पास" लिहिलं जातं. तो हातोडा पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो, आणि जुनं काँक्रीट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वरून जास्त कडक झालेलं असतं, त्यामुळे आकडा चांगला येतो आणि आत सळ्या गंजत असतात. खाऱ्या पाण्याजवळच्या पुलाला तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत: काँक्रीटमध्ये मीठ किती खोल गेलंय ते, सळ्यांचा गंज चालू आहे का हे बघणारी हाफ-सेल टेस्ट, आणि कार्बोनेशनची खोली, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम काँक्रीटमध्ये किती आत गेलाय ते. त्यात ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात, गुलाबी झालं तो भाग अजून चांगला, रंग आला नाही तिथे सळ्यांचं संरक्षण गेलंय. गरज पडेल तिथे कोअर (काँक्रीटचा गोल नमुना कापून काढणं) आणि अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींची) टेस्ट.

पायाची पाहणी वेगळी मागा. वरच्या टेस्ट कितीही केल्या तरी पात्राखाली काय झालंय ते त्यातून कळत नाही.

इस्टिमेट हातात आलं की त्यात शोधा: जुने डांबराचे थर काढणं, पाणी जायची भोकं, एक्स्पान्शन जोड (दोन गाळ्यांमधला), पाइपलाइनची गळती, पायाचं संरक्षण. यातलं काहीच नाही आणि "प्लास्टर", "पेंटिंग", "रिसर्फेसिंग" एवढंच असेल तर टेंडरच्या आधी हरकत द्या. टेंडर झाल्यावर आयटम वाढवणं कठीण जातं.

टप्पा ८: काम चालू असताना बघायचा क्रम

काँक्रीटची दुरुस्ती या क्रमानेच होते. आधी काँक्रीटमध्ये पाणी मुरायचा मार्ग बंद. मग टेकू. मग सैल काँक्रीट फोडणं, सळीच्या मागेपर्यंत, साधारण दोन सेंटिमीटर मोकळी जागा होईपर्यंत, आणि लांबीला स्वच्छ सळी लागेपर्यंत. मग गंज पूर्ण काढणं. सळी बरीच बारीक झाली असेल तर शेजारी नवी सळी. मग गंजरोधक कोटिंग, बाँडिंग, पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो-काँक्रीट, क्युअरिंग (ओलं ठेवून पक्कं होऊ देणं), आणि शेवटी बाहेरचं कोटिंग.

गावात चुकतं ते तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर. सळीचा दिसणारा भाग ब्रशने पुसून, मागची बाजू तशीच ठेवून वरून मॉर्टर चोपडतात. गंज आत चालूच राहतो आणि थोड्याच वर्षांत पॅच तसाच्या तसा गळून पडतो. मीठ शिरलेलं काँक्रीट पॅचच्या बाजूला राहिलं तर तिथे गंज उलट वेगाने वाढतो, म्हणून फोडायची हद्द ठरवताना इंजिनियर जागेवर हवा, मुकादम नव्हे.

ओहळाचं खारं पाणी मिक्सिंगला किंवा क्युअरिंगला वापरताना दिसलं तर लगेच फोटो काढून ज्युनियर इंजिनियरला कळवा. ठेकेदाराशी हुज्जत घालू नका, काम बंद पाडू नका, टेकूखाली जाऊ नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(जे) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे. फार कमी लोक तो वापरतात. काम सुरू व्हायच्या आधीच अर्ज करून ठेवा, मधल्या टप्प्यात पाहणीची तारीख मिळाली पाहिजे, म्हणजे सळ्या उघड्या असताना. मॉर्टर लागल्यावर गेलात तर बघायला फक्त रंग राहतो.

चिऱ्यांच्या पुलाला सिमेंटचं सरसकट प्लास्टर करू देऊ नका. आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट राहत नाही आणि चिरा आतून झिजतो. सांधे साफ करून चुन्याच्या किंवा योग्य मिश्रणाच्या मॉर्टरने भरणं, आतल्या पोकळीत ग्राउटिंग (पातळ मिश्रण दाबून भरणं), हे त्याचं काम. पिंपळ वरून छाटला की पावसात परत फुटतो. मूळ मारावं लागतं, आणि मूळ जाड असेल तर तिथले चिरे नंबर घालून काढून परत बसवावे लागतात. नुसतं ओढून काढलं तर भिंत बरोबर येते.

⚠️ वरचं नवं आणि खालचं जुनं, यावर विशेष लक्ष. गुजरातमधल्या मोरबीच्या झुलत्या पुलाची दुरुस्ती झाली तेव्हा खालचं लाकूड काढून ॲल्युमिनियम टाकलं, मुख्य दोर जुनेच राहिले, भार चाचणी न करता पूल खुला केला, आणि काही दिवसांत ३० ऑक्टोबर २०२२ ला १३५ माणसं गेली. साकवाची फळी बदलताना, लोखंडी पुलाची प्लेट बदलताना, काँक्रीटवर नवा कठडा बसवताना विचारा: भार ज्याच्यावर आहे तो भाग तपासला का?

टप्पा ९: काम झाल्यावर

बिल निघायच्या आधी पंचायतीच्या वतीने संयुक्त पाहणी मागा. जुन्या फोटोंच्या त्याच जागांचे त्याच कोनातून नवे फोटो काढा. पॅचला हाताने हलकं ठोकलं की बद्द, पोकळ आवाज आला तर तेवढ्याच जागा लेखी कळवा. बीम-बिम बळकट केले असतील, वजनाचा निर्बंध उठवायचा असेल तर भार चाचणीचा अहवाल मागा. नुसत्या पॅचिंगला ती लागत नाही, उगाच हट्ट करू नका.

डिफेक्ट लायबिलिटीची मुदत किती आणि ती कुठल्या तारखेला संपते ते वर्क ऑर्डरमधून काढून पंचायतीच्या नोंदवहीत लिहा. पहिला मोठा पाऊस झाला की खालून परत बघा, कुठे पाणी झिरपतंय ते. मुदत संपायच्या दोन महिने आधी शेवटची पाहणी करून त्रुटींचं पत्र इनवर्ड करून घ्या, त्या तारखेपर्यंत दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते.

पाणी जायची भोकं आणि जोड पावसाआधी साफ करायचं काम पंचायतीने मेच्या कामांच्या यादीत कायमचं घालून घ्यावं. दोन माणसं, एक दिवस, एक लोखंडी सळी आणि फावडं, एवढंच लागतं. पुढची पाहणी परत ऑक्टोबरला, तीच वही, तेच गाळ्यांचे नंबर, भेगांच्या त्याच रेघा.